जामीनदार आणा!

ग्रंथालयवाल्यांच्या अधिवेशनाचं परिपत्रक टेबलावर येऊन पडलंय. दरसाल येतं. ते वाचलं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मी लिहायला बसतो.

तुम्ही म्हणाल, ह्याला दुसरं काम नाही. इथे झोपड्यांवर बुलडोझर चालतोय, ॲट्रॉसिटीच्या केसेस कोर्टात सडतायत, शिष्यवृत्तीसाठी पोरं कचेऱ्यांचे उंबरे झिजवतायत, आणि हा बाबा पुस्तकवाल्यांच्या सभेचं रडगाणं घेऊन आलाय. ग्रंथपालांच्या संघाशी आपला काय संबंध?

संबंध सांगतो. सरळ सांगतो. आणि शेवटी तुमच्याकडे काम मागणार आहे, तेव्हा मधेच पान उलटू नका.

मी उपनगरातल्या एका अनुदानित वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसतो. वाचनालयाचं नाव घेत नाही. घेतलं तर तुम्ही म्हणाल, ते एक वाईट, बाकीची चांगली. तसं नाही. मी शिपाई म्हणून लागलो. कपाटं पुसली, पंखे पुसले, फाटक्या पुस्तकांना खळ लावली, सभा असली की सतरंज्या घातल्या. मग ग्रंथालय प्रमाणपत्राचा वर्ग केला. हे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात, हे पहिल्यांदा कबूल करतो. दाखल नोंदवही कशी लिहायची, पुस्तकावर वर्गांक कसा टाकायचा, हे मला संघाच्याच वर्गात कळलं. खाल्ल्या मिठाला जागून बोलतोय. शिव्या घालायला बसलेलो नाही. हिशेब मागायला बसलोय.

आधी माझी गोष्ट ऐका.

साल १९८३. मी आठवीत. मुलुंडला डोंगराच्या बाजूला झोपडपट्टीत आमची खोली. बाप कचऱ्याच्या गाडीवर. शाळेतल्या बाईंनी वर्गात सांगितलं, पोरांनो, वाचनालयाचे सभासद व्हा. मी बापाच्या मागे लागलो. अनामत आणि पहिल्या महिन्याची वर्गणी, सगळी चिल्लर, आईने रुमालात बांधून दिली. गेलो. टेबलावरच्या माणसाने फॉर्म दिला. मी भरला. त्याने पत्ता वाचला, मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जामीनदार आण."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपला कोणी सभासद. तुला ओळखणारा. इथे सही करील असा. उद्या पुस्तक घेऊन पळालास तर आम्ही कुणाला धरायचं?"

आमच्या अख्ख्या वस्तीत त्या वाचनालयाचा सभासद एक नव्हता. सभासद व्हायचं तर सभासदाची सही पाहिजे. आणि सही देणारा सभासद आमच्यात आधी व्हायचा कसा? माझी आजी गावाकडे विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहायची, कुणी पाणी वाढील म्हणून. मी मुलुंडला रुमाल घेऊन उभा होतो.

त्या माणसाने मला जात विचारली नाही. हे नीट लक्षात ठेवा. जात विचारलीच नाही. फक्त जामीनदार विचारला.

वर्तमानपत्रं तेवढी फुकट असायची. उतरत्या फळ्यांवर लावलेली. दोन वर्षं मी ती उभ्याने वाचली. आतल्या खोलीत कपाटं दिसायची, काचेतनं पुस्तकांच्या पाठी दिसायच्या. पुढे नोकरीला लागलो तेव्हा पहिलं काम काय केलं असेन, तर फॉर्मवरची ती जामीनदाराची ओळ शोधली. ती ह्याही वाचनालयाच्या फॉर्मवर होती. आता कुठे कुठे ती ओळ गेली, तिच्या जागी दुसरं आलं. भाडेकरार आणा. वीजबिल आणा, स्वतःच्या नावाचं. शब्द बदलले. दार तेच.

आता परिपत्रकाकडे येऊ.

सकाळी ग्रंथदिंडी. मग दीपप्रज्वलन. उद्घाटक मंत्रिमहोदय. परिसंवाद, विषय डिजिटल युगातील ग्रंथालये. दुपारी जेवण. मग आदर्श ग्रंथपाल, आदर्श कार्यकर्ता, शतायु ग्रंथालय, असे सत्कार. संध्याकाळी खुलं अधिवेशन आणि ठराव. ठराव असे: परिरक्षण अनुदान वाढवा. ग्रंथालय सेवकांना वेतनश्रेणी द्या. सेवाशर्ती लागू करा.

ह्या ठरावांवर माझं बोट आहे काय? अजिबात नाही. ते ठराव माझ्या पोटाचे आहेत. ज्यांना ग्रंथपालाची नोकरी म्हणजे खुर्चीवर बसून कादंबऱ्या वाचणं वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात सरकारी मान्यता असलेली अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. सगळ्यात खालचा ड. ह्या ड वर्गाला २०२२ पर्यंत वर्षाला ३० हजार रुपये अनुदान होतं. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली. म्हणजे ४८ हजार. महिन्याला ४ हजार. त्यात पुस्तकं घ्या, वर्तमानपत्रं घ्या, वीजबिल भरा, आणि उरेल त्यात माणसाला पगार द्या. नाक्यावरचा बिगारी ग्रंथपालापेक्षा जास्त कमावतो. संघ ह्यासाठी भांडतो, ते बरोबर करतो. त्याच्या मोर्चात मी गेलोय. पुढेही जाईन.

माझं म्हणणं दुसरं आहे. ठरावांच्या त्या यादीत सेवक आहे, इमारत आहे, संगणक आहे, अनुदान आहे. दारात कोण येतो आणि कोण येत नाही, ही ओळ त्यात नाही. इतकी अधिवेशनं पाहिली. मी ती ओळ ऐकली नाही.

ही ओळ का येत नाही, ते समजून घ्या. इथे कुणी एक दुष्ट माणूस बसलेला नाही. रचनाच अशी आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. नावात सार्वजनिक. पण गावोगावची ग्रंथालयं सरकार चालवत नाही. ती चालवतात नोंदणी केलेल्या खासगी संस्था. सरकार मान्यता देतं आणि अनुदान देतं. मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्यातच मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला, म्हणजे ग्रंथालयाचा पैसा थेट लोकांकडून आणि लोकांच्या हक्काचा. आपल्या कायद्यात उपकर नाही. आपल्याकडे अनुदान जनतेच्या तिजोरीतून, आणि किल्ली संस्थेच्या कार्यकारिणीकडे. युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात लिहिलंय की सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः मोफत असावं. आपल्याकडे अनामत आहे, वर्गणी आहे, आणि वर जामीनदार. तिजोरीत पैसा कुणाचा? काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्याचा. म्हणजे माझ्या बापाचाही.

आता साखळी बघा. सभासद नाही, तर मत नाही. मत नाही, तर कार्यकारिणीत माणूस नाही. कार्यकारिणीत माणूस नाही, तर ग्रंथनिवड समितीत माणूस नाही. कुठलं पुस्तक घ्यायचं, हे ठरवताना तुमचं कुणी नाही. आणि पुढे संघाच्या सभेला ग्रंथालयाचा प्रतिनिधी म्हणून कोण जाणार? कार्यकारिणी पाठवील तो. हा संघ म्हणजे नुसतं चहा-बिस्किटांचं मंडळ नव्हे. ग्रंथालय संघांना मान्यता देण्याची तरतूद कायद्यातच आहे. कायद्याने नेमलेल्या राज्य ग्रंथालय परिषदेवर संघांची माणसं बसतात. सरकार ग्रंथालयांबद्दल काही ठरवायचं म्हणेल तर तिथे विचारणार कुणाला? त्यांना. म्हणजे मुलुंडच्या टेबलावरची ती एक सही मंत्रालयापर्यंत जाते. तिथे एक पोरगा अडला की वरपर्यंत सगळी वस्ती अडते.

मग आम्ही काय गप्प बसलो? नाही.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत कुणाला झोप नव्हती. पोरं म्हणाली, दगड मारून झाले, आता काय? मी म्हणलं, वाचनालय काढू. हसली. मग काढलं. विहाराच्या मागच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात घराघरातनं मागून आणलेली पुस्तकं. नियम एकच. नाव सांगा, पुस्तक न्या. जामीनदार नाही.

पुस्तकं हरवली का? हरवली. पळवली का? पळवली. दरसाल पंधरा-वीस जायची. आम्ही म्हणायचो, जाऊ दे, वाचायला तरी गेलं. पण चौदा वर्षं ते चाललं. पोरी यायच्या, दहावीच्या अभ्यासाला बसायच्या, कारण घरात बसायला जागा नाही. घरकामाला जाणाऱ्या बाया रात्री यायच्या, त्यांना आम्ही वाचून दाखवायचो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चं पुस्तक असंच आख्खं वाचलं. आंबेडकरी चळवळीत बायांनी काय केलं त्याचा तो दस्तऐवज. ऐकता ऐकता एक म्हातारी म्हणाली, मी पण होते की परिषदेला, माझं नाव का नाय? मी म्हणलं, आजी, तुमचं नाव लिहायचं कोणी, ते आपणच. बाहेरच्या मोठ्या वाचनालयात बसून म्हातारी असं बोलली असती काय? मुळात तिला आत कोणी घेतलं असतं काय?

२०११ साली आम्ही सरकारी मान्यतेची फाइल तयार केली. संस्थेची नोंदणी, हिशेबतपासणी, सभासदांची यादी, पुस्तकांची यादी, सगळं. एका टेबलावर सांगितलं, जागेचा कागद आणा. विहाराच्या जागेचा कागद कुठला आणायचा? झोपडपट्टीतली जागा. बुद्धाच्या नावावर फोटोपास नसतो. कागद जुळवता जुळवता २०१२ उजाडलं. त्या साली राज्यभर महसूल खात्याने ग्रंथालयांची तपासणी केली. कागदावरची ग्रंथालयं सापडली. पाटी आहे तर पुस्तकं नाहीत, पुस्तकं आहेत तर वाचक नाही, आणि अनुदान मात्र नियमित. त्यानंतर सरकारने कैक वर्षं नव्या ग्रंथालयांना मान्यता देणंच थांबवलं. वर्गबदलही थांबवला.

चोर सापडले पाटीवाले. दार बंद झालं ट्रंकवाल्यांचं.

ज्यांची ग्रंथालयं शंभर वर्षांपूर्वीची, ते आत होते, आतच राहिले. ज्यांच्या आज्याला अक्षर शिकायची बंदी होती आणि ज्यांची पहिली पिढी आत्ता कुठे पुस्तक गोळा करायला लागली, ते बाहेर होते, बाहेरच राहिले. नव्या मान्यता सुरू करा, असं सभांमध्ये बोलताना मी ऐकलंय. पण वस्तीतल्या वाचनालयाला जागेच्या कागदात सूट द्या, त्याची फाइल करायला संघ माणूस देईल, असं बोलताना मी कुणालाही ऐकलं नाही. पुढे वस्तीचा पुनर्विकास निघाला. विहार हललं. खोली गेली. ट्रंक आता माझ्या खाटेखाली आहे.

एका सभेत मी हे बोललो, तर व्यासपीठावरचे एक ज्येष्ठ म्हणाले, "अहो, ग्रंथालयात जात नसते. सरस्वतीच्या मंदिरात सगळे सारखे."

टाळ्या पडल्या.

मंदिर म्हटलं तिथेच सगळं आलं. पण ते सोडा. ग्रंथालयात जात नसते ना? या, मी तुम्हाला कपाट दाखवतो.

मी नोकरी करतो त्या वाचनालयात एक कपाट आहे. वर चिठ्ठी, 'दलित साहित्य'. दरवाजाच्या मागे, कुलूप लावलेलं. चावी मागितली की मिळते, पण मागावी लागते. त्या कपाटात काय होतं? बाबुराव बागूल, नामदेव ढसाळ, दया पवार. बागुलांच्या कथा कथांच्या रांगेत नाहीत. ढसाळांची कविता कवितेच्या रांगेत नाही. बरं, निदान हे दलित साहित्य तरी. पण त्याच कपाटात बाबासाहेबांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. १९२३ साली लंडनला छापलेलं पुस्तक. चलन, सोनं, विनिमयाचा दर. वर्गीकरणाच्या दशांश पद्धतीत पैशाचा आकडा ३३२.४. अर्थशास्त्राच्या रांगेत जागा ठरलेली. त्याच्या शेजारी १९५५ चं भाषावार राज्यांवरचं पुस्तक. त्याची जागा राज्यशास्त्रात. सगळी एका कपाटात कोंबलेली. अर्थशास्त्राच्या रांगेत बामणाचं पुस्तक अर्थशास्त्र, आणि बाबासाहेबांचं पुस्तक दलित. रुपयालासुद्धा गावकुसाबाहेर बसवलं!

हे कुणी मुद्दाम केलं काय? मी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. आधीपासून तसंच होतं. जात अशीच असते, दोस्तहो. कुणी केलेली नसते. आधीपासून तशीच असते.

एक दुपारी मी चावी घेतली आणि पुस्तकं काढून ज्याच्या त्याच्या रांगेत लावली. कुणाला न विचारता. पंधरा दिवसांनी एक कॉलेजचा पोरगा आला. बाबासाहेबांचं नाव त्याने जयंतीच्या बॅनरवर वाचलेलं. अर्थशास्त्राच्या रांगेत हात घातला आणि रुपयाचं पुस्तक बाहेर आलं. म्हणाला, हे आंबेडकर कोण, तेच का? म्हणलं, तेच.

ग्रंथपालाच्या हातात एवढं असतं. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांचं नाव आंबेडकरी माणसाला माहीत आहे, कारण त्यांनी बाबासाहेबांसारख्या वाचकाला पुस्तकं पुरवली. तेव्हा माझं भांडण ग्रंथपाल ह्या जातीशी नाही. ती जात चांगली आहे. तिने जागं व्हावं, एवढंच.

इतिहास बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. अस्पृश्यांना कुठे कुठे मुभा? सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने. ह्याच ठरावाच्या जोरावर महाड झालं. पण यादी पुन्हा वाचा. ग्रंथालय हा शब्द तिच्यात नाही. दुसऱ्याच वर्षी, १९२४ च्या जुलैत, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिच्या उद्देशांत वसतिगृहं आहेत आणि वाचनालयं आहेत. कौन्सिलच्या यादीत जे नव्हतं ते बाबासाहेबांनी आपल्या यादीत घातलं. आपण ते आपल्या यादीतनं कधी काढलं?

आता आपल्यातल्या लोकांशी बोलतो. कारण आपल्यातलेच काही म्हणतात, सोडा हो तो संघ. त्यांचा आहे. आपण आपलं वेगळं काढू.

वेगळं काढा. मी काढलं होतं. चौदा वर्षं. वेगळं काढलेलं एका शासननिर्णयाने कसं गुदमरतं तेही पाहिलं. निर्णय ज्या खोलीत होतो त्या खोलीत आपलं माणूस नसेल तर वेगळं काढलेलं टिकत नाही. आणि जनतेच्या तिजोरीतला पैसा त्यांनी खायचा, आपण आपल्या खिशातनं ट्रंक चालवायची, हा कुठला न्याय?

पँथरचं नाव आपण अमेरिकेतनं घेतलं, १९७२ साली. मग तिथल्या ग्रंथालयांचीही गोष्ट घ्या. मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहर. मोठं ग्रंथालय गोऱ्यांचं, काळ्यांसाठी वेगळं लहान. २७ मार्च १९६१ ला टूगालू कॉलेजचे नऊ काळे विद्यार्थी आधी काळ्यांच्या ग्रंथालयात गेले. तिथे नसलेली पुस्तकं मागितली. नाहीत म्हटल्यावर मग गोऱ्यांच्या ग्रंथालयात गेले आणि टेबलांवर वाचत बसले. पोलीस आले. नऊ जणांना अटक. गुन्हा काय? वाचन. डोकं बघा पोरांचं. आधी नकार मिळवला, मग आत गेले.

दुसरा माणूस ई. जे. जोसी. काळा ग्रंथपाल. दक्षिणेतल्या राज्यांचे ग्रंथालय संघ काळ्यांना सभासद करत नव्हते. १९६४ साली अमेरिकन ग्रंथालय संघाचं अधिवेशन सेंट लुईसला भरलं. तिथे मिसिसिपीच्या संघाचा गौरव झाला. जोसी उठला. त्याने ठराव मांडला, की जे राज्यसंघ काळ्यांना घेत नाहीत त्यांच्या कामात आपल्या संघाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि नोकरांनी भाग घेऊ नये. ठराव पास झाला. पुढच्या वर्षी तो जॉर्जियाच्या संघाचा पहिला काळा सभासद झाला. १९७० साली त्याने संघाच्या आत काळ्या ग्रंथपालांचा गट उभा केला. १९८४ साली तो सगळ्या संघाचा अध्यक्ष झाला. २०१८ साली ह्याच संघाने काळ्यांना ग्रंथालयांबाहेर ठेवल्याबद्दल ठराव करून माफी मागितली. २०१९ साली आपल्या पदकावरनं मेल्विल ड्यूईचं नाव काढायचं ठरवलं. ड्यूई म्हणजे ज्याची दशांश पद्धत मी रोज पुस्तकांच्या पाठीवर डकवतो तोच. त्याच्या क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना मज्जाव होता.

माफीला पन्नास वर्षांवर लागली. पण ती आपोआप नाही आली. आत एक माणूस उभा राहिला आणि त्याच्या ठरावाला अनुमोदन मिळालं, तिथून ती सुरू झाली.

आणि आता स्वतःच्या कानाखाली.

आपली नियतकालिकं आपण कुठल्या ग्रंथालयात देतो? १९५४ चा कायदा आहे. छापलेल्या पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांना प्रकाशकाने पाठवायची. कलकत्ता, मद्रास, दिल्ली आणि एक आपल्या मुंबईत. आपण पाठवतो? बागुलांचं 'आम्ही', ढसाळांचा 'विद्रोह', ह्यांचे अंक आज शोधायला गेलात तर कुणाच्या तरी घरी, माळ्यावर, वाळवी लागलेले. चक्रमुद्रित पानं तर त्याहून वाईट. शाई उडते, कागद पिवळा पडतो, टाचण गंजते. आपण अंक काढतो, स्टेशनबाहेर वाटतो, आणि विसरतो. मग तीस वर्षांनी रडतो की आमचा इतिहास पुसला. अरे, नोंदवहीत चढवलाच नाही तर पुसायचं काय? दाखल नोंदवहीत एक ओळ लागते. दिनांक, दाखल क्रमांक, नाव, कुणाकडून. एवढी ओळ झाली की ते पान संस्थेची मालमत्ता होतं. मग ते रद्दीत काढायलासुद्धा रीतसर ठराव लागतो. फुकटचं संरक्षण आहे. आपण घेत नाही. दोष त्यांचा आहेच, पण हा आपला.

तेव्हा कामं सांगतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथे असाल तिथे.

एक. जवळच्या अनुदानित ग्रंथालयात जा आणि सभासद व्हा. एकटे जाऊ नका, दहा जण जा. एक झाला की तो नवाला जामीन. जामीनदार, वीजबिल, भाडेकरार, जे मागतील ते लेखी मागा. नकार दिला तर नकारही लेखी मागा.

दोन. दहा पुस्तकांची यादी खिशात ठेवा. बाबासाहेबांचे सरकारने १९७९ पासून काढलेले खंड तिच्यात पाहिजेत. घाटकोपरच्या गोळीबारावरचा गुंडेवार आयोगाचा अहवाल पाहिजे. ती मागा. नसतील तर मागणी पुस्तकात लिहा. मागणी पुस्तक हा प्रकार असतो, तो कुणी मागत नाही म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. असतील तर बघा, कुठल्या कपाटात आहेत. कुलूप आहे का बघा.

तीन. वार्षिक सभेची नोटीस लागते, ती वाचा. सभेला जा. निवडणुकीला उभे राहा. पडाल. पुन्हा राहा.

चार. आपल्या प्रत्येक अंकाच्या दोन प्रती ग्रंथालयात द्या आणि पोच घ्या. दाखल क्रमांक विचारा.

पाच. ज्यांना नोकरी पाहिजे त्यांनी ग्रंथालयाचा वर्ग करा. आणि जिथे संघाचं वैयक्तिक सभासदत्व मिळतं तिथे ते घ्या. आपली माणसं ग्रंथालयांत आहेत. बहुतेक झाडू मारतात, सतरंज्या घालतात. त्यांनाही सांगा की तुम्हीही ग्रंथालय सेवक आहात, संघ तुमचाही आहे.

संघवाले महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांचा इतिहास सांगायला लागले की १८२८ च्या रत्नागिरीपासून सुरू करतात. त्यांना बोरिवलीला घेऊन जा. कान्हेरीच्या डोंगरावर. तिथे नवव्या शतकातला, शिलाहारांच्या काळातला लेख दगडात आहे. दान कशासाठी? लेण्यांच्या डागडुजीसाठी, भिक्खूंच्या चीवरांसाठी, आणि पुस्तकांसाठी. हजार-बाराशे वर्षांपूर्वी, आजच्या उपनगर जिल्ह्यात, विहाराला ग्रंथांचं अनुदान! आणि २०११ साली त्याच जिल्ह्यातल्या विहाराला विचारतात, जागेचा कागद कुठाय?

राज्य सरकार दरसाल उत्कृष्ट ग्रंथालयाला पुरस्कार देतं. त्या पुरस्काराला नाव कुणाचं आहे माहीत आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. नाव भिंतीवर लावायला चालतं. मग त्या नावाची पोरं दारात आली की जामीनदार कशाला?

गेल्या अधिवेशनात मी ठराव लिहून नेला होता. चार ओळींचा. अनुदान घेणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयाने सभासदत्वासाठी जामीनदाराची किंवा मालकी कागदाची अट घालू नये. वस्त्यांतल्या वाचनालयांना मान्यता देताना जागेच्या कागदात सूट द्यावी आणि त्यांच्या फाइली करायला संघाने मदत करावी. अध्यक्षांनी वाचला. चांगले गृहस्थ. म्हणाले, विषय महत्त्वाचा आहे. मग सभागृहाकडे बघून विचारलं, अनुमोदक कोण?

मी मागे वळून बघितलं. रांगा भरलेल्या. दोन-चार ओळखीच्या माना खाली गेल्या. पंखे फिरत होते. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, अनुमोदन नसल्यामुळे ठराव विचारात घेता येत नाही, पुढचा विषय.

१९८३ ला जामीनदार नव्हता. आता अनुमोदक नव्हता.

ह्या वर्षीच्या परिपत्रकाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला तोच ठराव मी पुन्हा लिहिलाय. शब्द बदललेला नाही. सूचक म्हणून खाली माझी सही केली आहे. शेजारी अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे.

या.

जयभीम.